तान्हे बाळ आणि आईबापांचा मीपणा
(कुटुंबांसाठी व अभ्यासवर्गासाठी धडा)

घरात मूल जन्मास आले म्हणजे शेजारीपाजारी पाहावयास येतात, आणि पहिला प्रश्न निघतो तो हा, की बाळ कोणावर गेले आहे? नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे, रंग आईचा, अशी वाटणी पाळण्याभोवती उभे राहून केली जाते. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. तथापि ज्या लेकरास जगात येऊन चार दिवसही झाले नाहीत, त्याचा एकेक अवयव आम्ही आपल्या घराण्याच्या नावे लावून मोकळे होतो. त्याचे स्वतःचे असे काही असेल, हा विचार कोणाच्या मनास शिवत नाही.

बाळाशी नाते जडावे म्हणून आईबापांनी पुष्कळ काही करावयाचे असते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण काही सोडावयाचेही असते, हे त्यांस क्वचितच कोणी सांगतो. जे सोडावयाचे ते म्हणजे आपला मीपणा. ह्या धड्यात आम्ही त्याचाच विचार करणार आहो.

१. मीपणा ओळखावा कसा

मीपणा हा प्रीतीचा वेष घेऊन येतो, म्हणून तो ओळखणे कठीण. दोघांची पारख त्यांच्या प्रश्नांवरून होते. मीपणा विचारतो, ‘हे माझ्यासारखे आहे काय? हे माझे ऐकते काय? ह्याच्यामुळे लोक मला काय म्हणतील?’ प्रीती एवढेच विचारते, ‘ह्याला आता काय हवे आहे?’ पहिल्या तिन्ही प्रश्नांत ‘मी’ आहे, चौथ्यात नाही. वाचकांनी हे चार प्रश्न ध्यानात ठेवावे, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व ह्यांतूनच निघते.

२. बाळ कोरी पाटी नव्हे

पुष्कळांची अशी समजूत असते, की तान्हे मूल म्हणजे मातीचा गोळा; आम्ही घडवू तसे ते घडेल. पण बाळ जगात येते ते काही जाणून येते. १९८० साली अमेरिकेतील डीकॅस्पर व फायफर ह्या दोन संशोधकांनी असे दाखविले, की तीन दिवसांच्या आतील मूलही आपल्या आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून वेगळा ओळखते, व तो ऐकावयास मिळावा म्हणून बोंडले चोखण्याची आपली चाल बदलते. आईच्या दुधाचा वास त्यास कळतो. त्याची दृष्टी अद्याप अंधुक असते, पण साधारण वीतभर अंतरावरचे त्यास बऱ्यापैकी दिसते. आणि अंगावर पिताना आईचे तोंड त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर असते.

म्हणजे आम्ही ओळख करून घेण्यापूर्वीच बाळाने ओळख करून घेण्यास आरंभ केलेला असतो. तेव्हा त्यास घडविण्याची घाई न करता प्रथम त्यास पाहावयास शिकावे. भूक लागली म्हणजे ते रडण्याच्या आधी तोंड वळविते, ओठ हालविते, मूठ तोंडाकडे नेते. दमले म्हणजे नजर दुसरीकडे फिरविते. ज्या आईबापांची दृष्टी स्वतःवर खिळलेली असते त्यांस ह्या खुणा दिसत नाहीत. आणि नजर फिरविलेल्या बाळास ते ‘बघ ना माझ्याकडे’ म्हणून पुनःपुन्हा डिवचतात.

३. रडणे हा अपमान नव्हे

मीपणाची खरी कसोटी रात्री दोन वाजता लागते. बाळास पाजले, कोरडे केले, खांद्यावर घेऊन फिरविले, तरी ते रडतच आहे. अशा वेळी थकलेल्या मनात येते, ‘ह्याला मी नकोच आहे,’ किंवा ‘हे मुद्दाम करते.’ दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मुद्दाम करणे हे तान्ह्या मुलाच्या शक्तीबाहेरचे आहे. रडणे हीच त्याची भाषा, आणि पुष्कळ वेळा त्याचे कारण कोणासही सापडत नाही. साधारणतः दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते अधिकात अधिक होते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळ ओसरते. हे ज्यास ठाऊक आहे तो त्या रडण्यास आपल्यावरील ठपका समजत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. रागाच्या भरात तान्ह्या बाळास कधीही गदगदा हालवू नये. त्याने मान धरलेली नसते. जोराने हालविल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन मूल आंधळे किंवा पंगू होते, कित्येकदा दगावते. आपला तोल जात आहे असे वाटताच बाळास सुरक्षित जागी उताणे निजवावे, चार पावले दूर जावे, श्वास शांत होऊ द्यावा, आणि शेजारणीस किंवा घरच्या कोणास हाक मारावी. बाळ पाच मिनिटे रडले तर त्याचे काही बिघडत नाही. हाक मारण्यात कमीपणा मानणे हाच मीपणा, आणि त्याची किंमत लेकराच्या प्राणाने द्यावी लागू शकते.

दुसरी गोष्ट समाधानाची आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक ह्यांनी माता व बालके ह्यांचे व्यवहार बारकाईने पाहिले. त्यांना आढळले, की चांगल्या मायलेकरांतही दोघांचा सूर जुळलेला असतो तो एकूण वेळेच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकाच. बाकीच्या वेळी चुकामूक होते व ती दुरुस्त केली जाते. ह्या दुरुस्तीतूनच बाळ विश्वासावयास शिकते. तेव्हा आईने कधी चुकूच नये अशी बाळाची मागणी नाही. चुकल्यावर तिने परत वळावे, एवढेच त्यास पुरते.

४. माया लगेच न वाटली तर

कित्येक पहिलटकरणींना बाळ हाती आल्याबरोबर माया दाटून येते. कित्येकींना तसे काहीच वाटत नाही. शरीर थकलेले, टाके दुखत असलेले, झोप नाही, आणि समोर एक अनोळखी जीव. त्या मनातल्या मनात स्वतःस दोष देतात व ‘मी आईच नव्हे’ असे म्हणतात. ज्या आईच्या मनात आदर्श मातेचे चित्र फार उंच टांगलेले असते तिला हे दुःख अधिक होते, म्हणून ते चित्र खाली उतरवून ठेवावे. माया ही पुष्कळदा सेवेच्या मागून येते. रोज पाजता, पुसता, निजविता एके दिवशी ध्यानात येते, की हे मूल आपलेसे झाले आहे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगीचच रडू येणे हेही सामान्य आहे. ते बहुधा दोन आठवड्यांत थांबते. परंतु उदासी त्याहून अधिक टिकली, तर तिला बाहेरची बाधा किंवा नखरा न म्हणता तो आजार समजावा व बाळंतिणीस डॉक्टरांकडे न्यावे. ह्या आजारावर उपचार आहेत. आणि जिवाचे किंवा बाळाचे बरेवाईट करावे असे विचार तिच्या मनात येऊ लागले, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी न्यावे, व तोवर तिला एकटी ठेवू नये. ‘आमच्या घरची सून वेडी नाही’ असे म्हणून ते झाकणारे घर आपली अब्रू राखते, पण माणूस गमावते.

५. बापाचे स्थान

आपल्याकडे बाप तान्ह्या मुलापासून दूर राहतो, कारण ‘ही बायकांची कामे’ असे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. हाही एक मीपणाच. राजगुरुनगर व चाकणच्या भागात आज पुष्कळ कुटुंबे कारखान्यांच्या कामासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन भाड्याच्या खोलीत राहतात. आजी गावी, आत्या गावी, आणि पाळीवरून आलेला बाप दाराशी चपला काढतो तेव्हा आई दिवसभराची एकटी असते. अशा घरी बाप जर म्हणेल, ‘मी कमावून आणतो, बाकीचे तू पाहा,’ तर ते बाळ एकाच थकलेल्या माणसावर पडते.

बापाची छातीही बाळास ऊब देऊ शकते, ही काही नुसती बोलण्याची गोष्ट नव्हे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे ह्यांनी, काचेच्या पेट्या पुरत नाहीत असे पाहून, कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. हीच कांगारू पद्धती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया ह्या पाच देशांत तिचा अभ्यास केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या ज्या बाळांस जन्मल्यावर लगेच छातीशी ठेविले, त्यांच्यापैकी २८ दिवसांत शेकडा १२ दगावली. प्रकृती स्थिर होईपर्यंत ज्यांस वेगळे ठेविले, त्यांच्यापैकी शेकडा १५.७ दगावली. ह्यासाठी दवाखान्यांनाही आपला एक जुना अभिमान सोडावा लागला. अशक्त बाळाजवळ केवळ जाणकारांनीच असावे असे ते मानीत. आता आईला आत घ्यावे लागले. आई थकली असता ही ऊब बापाने, आजीने किंवा मावशीने दिली तरी चालते. लंगोट बदलणे, ढेकर काढणे, रात्रीच्या एका प्रहरी जागणे, ह्यांत पुरुषार्थास बाध येत नाही.

६. वडील माणसांचा अनुभव

‘आम्ही काय मुले वाढविली नाहीत?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. अनुभव मोठा असतो, आणि बाळंतिणीस आंघोळ घालणारे, बाळास तेल लावणारे, तिच्या पुढ्यात गरम अन्न ठेवणारे हात घराचे भूषण होत. परंतु अनुभवाचा जेव्हा अभिमान होतो तेव्हा तो बाळास बाधतो. एक उदाहरण घ्या. गाय व्याली म्हणजे तिचा चीक आम्ही जपून खरवसासाठी ठेवितो; पण बाळंतिणीचे पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे तिचा चीक, वाईट समजून पिळून टाकण्याची चाल किती घरांत होती! त्या दुधात रोगाशी झुंजण्याची शक्ती असते. बाळास जन्मल्यापासून तासाच्या आत अंगावर घ्यावे, आणि सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीसुद्धा, देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मात्र द्यावे. जिभेला मध लावण्याची चालही सोडावी. मधातून क्वचित असा रोग होतो की ज्याने तान्ह्याचे स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्षाच्या आत मध नको.

शिकल्या-सवरलेल्यांनी आपला अभिमान सोडल्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या देखभालीचे शिक्षण दिले व त्यांना घरोघर पाठविले. ह्या गावांत पूर्वी दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण साडेपंचवीसवर आले. १९९९ साली हे काम जगापुढे प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी मानले, की जे आम्ही जाणतो ते ही बाईही शिकू शकते. घरच्यांनी मानले, की जे आम्ही जाणत नाही ते आमच्याच गावची ही बाई सांगू शकते. दोहोंकडून मीपणा उतरला तेव्हा बाळे जगली.

आज त्याच धर्तीवर आशाताई घरी येते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या भेटीचे दिवस तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा व बेचाळिसावा असे ठरलेले आहेत. तिला दारातून परत पाठवू नये. बाळ पीत नाही, अंग थंड लागते किंवा तापले आहे, श्वास जलद चालतो, असे काही दिसल्यास तिची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

७. नाव कोणासाठी

बारशाच्या दिवशी मीपणा उघडपणे पाळण्याजवळ येऊन बसतो. मुलगा असल्यास पेढे, मुलगी असल्यास बर्फी, इथपर्यंत एक वेळ चालेल; पण जेथे पहिल्या मुलीनंतर दुसरी व तिसरी झाली, तेथे कित्येक घरांनी तिला ‘नकुशी’ किंवा ‘नकोसा’ असे नाव ठेविले. हेतू हा, की पुढच्या खेपेस तरी मुलगा व्हावा. आईबापांची निराशा त्या मुलीने जन्मभर आपल्या नावात वाहावी, शाळेच्या हजेरीत रोज ऐकावी, ह्याहून मीपणाचे स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

२०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे एक समारंभ झाला. जिल्ह्यातील अशा नावाच्या मुली शोधून काढण्यात आल्या होत्या. त्या २८५ भरल्या. त्यांना नवी नावे व त्यांचे दाखले देण्यात आले. पुष्कळ मुलींनी आपले नाव आपणच निवडिले. कोणाही माणसाचे बारसे त्याच्या स्वतःच्या मुखाने व्हावे, हा प्रसंग विरळाच. पण त्यातील दुःख विसरता येत नाही, कारण हे काम त्यांच्या आईबापांनी बाराव्या दिवशीच करावयाचे होते. त्याच वर्षीच्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ आढळल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. ज्या मुलींना वाईट नावही मिळाले नाही, त्यांची उणीव ह्या आकड्यांत दिसते.

तेव्हा नाव ठेविताना आपली हौस, आपली निराशा, आपले भांडण त्यात घालू नये. नाव हे बाळास दिलेले पहिले वस्त्र होय; ते त्याच्या अंगास सुखाचे असावे.

८. मूल कोणाचे

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी म्हण आहे. पण पाळण्यात पाहणाऱ्यास बहुधा स्वतःचीच इच्छा दिसते. भीमेच्या काठी खेड येथे २४ ऑगस्ट १९०८ रोजी हरि नारायण राजगुरू ह्यांच्या घरी एक मुलगा जन्मला. मूल सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. कुमारवयात तो मुलगा घर सोडून काशीस गेला, आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, फासावर चढला. त्या पाळण्याभोवती जमलेल्यांपैकी कोणाच्या मनात हे आले असेल? आईबाप इच्छितात, की मुलाने घराण्याचे व गावाचे नाव चालवावे. येथे उलट झाले. खेड हे गाव आज त्या मुलाच्या नावाने राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. आपल्या हाती पाळण्याची दोरी असते. बाळाच्या आयुष्याची दोरी आपल्या हाती नसते.

शास्त्रातील हन्नेची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. ती निपुत्रिक होती व तिची सवत पनिन्ना तिला टोचून बोलत असे. अशा स्त्रीस मुलगा झाला म्हणजे तो सवतीस द्यावयाचे उत्तर व्हावयाचा, मानाचा दागिना व्हावयाचा. पण हन्नेने शमुवेलास त्या कामी लाविले नाही. त्याचे दूध तुटल्यावर तिने त्यास शिलो येथे नेऊन सोडिले. आम्हीही मुले परक्या हाती द्यावी, असा ह्याचा अर्थ नव्हे. ह्या गोष्टीतील एक बारीकशी बाब मात्र आईबापांनी जपून ठेवावी. हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. झगा दरवर्षी नवा लागे, कारण मूल वाढत होते. गेल्या वर्षीच्या मापाचा झगा मुलाच्या अंगात कोंबून चालले नसते, आणि आपल्याच मापाचा शिवून ‘ह्यात मावेल इतका हो’ असे सांगूनही चालले नसते. प्रत्येक वेळी त्या मुलाचे माप नव्याने मनात आणावे लागे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे माप वर्षाने नव्हे, दिवसाने बदलते. काल जे गाणे ऐकून ते निजले त्याने आज निजत नाही. म्हणून ज्या आईबापांस बाळाशी खरे नाते जोडावयाचे आहे, त्यांनी रोज सकाळी त्याजकडे असे पाहावे, की जणू ते आजच भेटले आहे. आणि चार प्रश्नांपैकी चौथा तेवढा विचारावा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. मीपणाचे तीन प्रश्न कोणते? प्रीतीचा एक कोणता? आपल्या घरी ह्या आठवड्यात त्यांपैकी कोणता अधिक वेळा विचारला गेला?

२. बाळ रडू लागले व आपला तोल जाऊ लागला, तर काय करावे? त्या वेळी हाक मारता येईल अशी दोन माणसे कोण, ह्यांची नावे आजच ठरवून ठेवा.

३. आपल्या गावात एकटी पडलेली बाळंतीण आहे काय? तिच्याकडे कोणी, कोणत्या दिवशी जावे?

४. घरातील वडील माणसांचा मान राखून, अपायकारक चाल कशी सोडवावी? मधाचे उदाहरण घेऊन बोला.

५. आपल्या ओळखीत एखाद्या मुलीस तिच्या मनास लागेल असे नाव आहे काय? ते बदलण्यास तिच्या आईबापांस साह्य कसे करता येईल?